आजारी कुठं पडणार ते सांगा

समोरच्या माणसाला तोंडावर ‘आजारी कुठं पडणार?’ असं विचारणारा कारकून मी आयुष्यात एकच पाहिला. तेही सकाळी सकाळी, माणूस धुतलेलं धोतर नेसून, कपाळाला गंध लावून रिटायर व्हायचा फॉर्म भरायला आलेला असायचा तेव्हा. “राहता कुठं ते नका सांगू. मूळ गाव तर मुळीच नका सांगू. आजारी कुठं पडणार ते सांगा.” समोरचा गडबडून जायचा. कुणी ‘शिव शिव’ म्हणायचं, कुणी नुसतंच खाली बघायचं, आणि लोहारखात्यातल्या एकानं तर टेबलावरची दौत उचलली होती. सगळा कारखाना त्यांना आजारीसाहेब म्हणायचा. मीही म्हणायचो, आणि इतरांपेक्षा जरा जोरातच म्हणायचो.

पन्नास सालानंतरची ही गोष्ट. आमचा कारखाना मुंबईहून चिंचवडला हलला तेव्हा जुनी माणसंही त्याच्याबरोबर हलली. कुणी साताऱ्याकडचं, कुणी रत्नागिरीचं, कुणी नगरचं. आमचे अण्णा त्यातलेच, लेथवर वीस-बावीस वर्षं काढलेले. मी मॅट्रिक झालो, अक्षर बरं होतं, म्हणून अण्णांनी मोठ्या साहेबांच्या पाया पडून मला लेबर ऑफिसात चिकटवलं. लेबर ऑफिस म्हणजे गेटाजवळची पत्र्याची शेड. तिथं दोन टेबलं होती. एक माझं आणि एक यांचं.

दिसायला उंच, वाळलेले, खांदे पुढे आलेले. काळी टोपी, आणि उन्हाळ्यातसुद्धा कोट. खिशात हिरड्याचे तुकडे असायचे, ते दिवसभर चघळायचे. चहा घ्यायचे नाहीत. दुसऱ्यानं घेतला तर त्याच्या कपाकडे अशा नजरेनं बघायचे की त्याचाही चहा कडू व्हावा. डबा खाताना सगळ्यांकडे पाठ करून भिंतीकडे तोंड करून बसायचे. त्यांचं गाव कोणतं, हे कुणालाच माहीत नव्हतं. विचारलं तर खोलीचा नंबर सांगायचे.

त्यांचं काम म्हटलं तर साधं होतं. तोवर सरकारी विमा आमच्याकडे पोचलेला नव्हता, आणि पोचला असता तरी तो कामावर असलेल्यांसाठी. रिटायर झालेल्या माणसाच्या दुखण्याखुपण्याचं काय, हा प्रश्न तेव्हा कुणी विचारतच नसे. आमच्या कंपनीनं मात्र, कुणाच्या पुण्याईनं ते देव जाणे, एक योजना काढली होती. त्यात दोन वाटा होत्या. पहिली दवाखान्याच्या कार्डाची. रिटायर झालेला माणूस आणि त्याची बायको, दोघांनाही मरेपर्यंत कारखान्याच्या दवाखान्यात औषधपाणी, आणि वेळ पडली तर पुण्याच्या मोठ्या दवाखान्यात खाट आणि ऑपरेशन कंपनीच्या खर्चानं. अट एकच. माणसानं कारखान्याच्या गेटापासून पाच मैलांच्या आत कायम राहायला हवं. दुसरी वाट गावी जाणाऱ्यांसाठी. काय ती रक्कम एकदाच हातात, आणि मग राम राम. एकदा फॉर्म भरला की भरला, वाट बदलायची नाही.

तिसरीही एक वाट होती, ती गेटाबाहेर चहाच्या दुकानात बसायची. विमा एजंट. ते म्हातारा गाठायचे, पाठीवर हात टाकायचे, आणि आयुष्याचा विमा दुखण्याचा विमा म्हणून त्याच्या गळ्यात मारायचे. आमचे साहेब जेवणाच्या सुट्टीत तिथं जाऊन उभे राहायचे आणि एजंटाला नाही, म्हाताऱ्यालाच झापायचे. “अहो शहाणे, हा विमा मेल्यावर मिळतो. मेल्यावर तुम्हाला खोकला येणार आहे का?” एजंटांनी त्यांना एकदा ढकलूनही दिलं होतं. दुसऱ्या दिवशी कोपराला चिंधी बांधून पुन्हा तिथंच हजर.

आता सगळी गोम होती फॉर्मच्या सातव्या रकान्यात. तिथं छापलेलं होतं, ‘कायमचा पत्ता’. फॉर्म मुंबईच्या हेड ऑफिसात जायचा आणि तिथला साहेब बाकी काही न बघता तेवढा रकाना बघायचा. फॉर्मच्या वरच्या भागात कार्डाच्या वाटेपुढे खूण केलेली असो नाहीतर नसो. सातव्यात पाच मैलांच्या आतला पत्ता असेल तर कार्ड. बाहेरचा असेल तर हा गडी गावी चालला, कार्ड रद्द. आणि आमची माणसं! वीस वर्षं मुंबईत काढली, आता इथं चिंचवडला नाहीतर आकुर्डीला पोराजवळ मरेपर्यंत राहणार, गावातलं घर भावाच्या ताब्यात, वर्षातून एकदा जत्रेला जाऊन नारळ फोडून यायचं. पण कायमचा पत्ता म्हटलं की छाती पुढे काढून सांगणार, मौजे अमुक, तालुका तमुक. दुसरं काही सांगणं म्हणजे बापाचं नाव बदलल्यासारखं. कागदावर गाव लिहिलेलं बघायलाच जणू ती माणसं शहरात आली होती.

तिथं साहेब त्यांच्याशी भांडायचे. समजावणं हा शब्द त्यांच्या कोशात नव्हता. “गाव औषध देतं का? गावाला नाडी बघता येते का? मग त्याला कशाला मधे आणता?” फॉर्ममध्ये कुणी गाव लिहून आणलं तर तो फॉर्म त्याच्या समोर उभा-आडवा फाडायचे आणि नवा द्यायचे. नियम सांगून झाला की म्हणायचे, “आता तुम्ही मला सांगा, मी काय सांगितलं?” आणि तो माणूस आपल्या तोंडानं सगळं नीट म्हणून दाखवेपर्यंत सहीला पेन हातात देत नसत. साठीला आलेले मुकादम, ज्यांच्यासमोर खातं चळचळा कापायचं, ते शाळेतल्या पोरासारखे त्यांच्यापुढे उभे राहून ‘गेटापासून पाच मैल’ म्हणत असायचे.

त्याहून वाईट म्हणजे बायकोला आणायला लावायचे. “एकटेच आलात? अर्धं कार्ड त्यांचं आहे. जा, घेऊन या.” बाई आली की तिला खुर्चीवर बसवायचे आणि नवऱ्याला उभं ठेवायचे. मग दहा माणसांच्या देखत तिला विचारायचे, “तुमचं काय काय दुखतं?” बाई पदर तोंडावर ओढून घ्यायची. नवरा लालबुंद. पण कधीकधी एखादी बाई पदराआडून बोलायला लागायची, आणि एकदा लागली की थांबायची नाही. गुडघे, कंबर, दोन वर्षांपासूनचा ताप. नवरा तोंड उघडं टाकून ऐकत असायचा, कारण घरात त्याला हे कुणी सांगितलेलं नसायचं. मी माझ्या टेबलामागे बसून गालातल्या गालात हसायचो. बावीस वर्षांचा होतो, मला कुठं काही दुखत नव्हतं.

निरोपसमारंभ कुणाचाही असो, हे पहिल्या रांगेत. शाल-नारळ, हार, मॅनेजरचं भाषण, रिटायर होणाऱ्याचे डोळे भरून आलेले, आणि हे मधेच उठून उभे. “कार्ड आलं का?” मॅनेजर भाषणात अडखळायचे. “अहो, नंतर,” कुणीतरी त्यांचा कोट ओढायचं. “नंतर काय? नंतर हे घरी जातील,” म्हणायचे आणि उत्तर मिळेपर्यंत उभेच राहायचे.

लोकांनी त्यांच्याबद्दल एक कहाणी रचली होती. यांची बायको म्हणे औषधाविना गेली, म्हणून डोक्यावर परिणाम झालाय. मला ती कहाणी फार आवडली होती. एकदा धीर करून मी विचारलं. ते हिरडा एका गालातून दुसऱ्या गालात घेत म्हणाले, “लग्नच केलं नाही मी. एखादा माणूस आपलं काम नीट करतो म्हटलं की त्याच्या घरात कुणी मेलेलंच असायला हवं का रे तुम्हाला?”

रविवारी सायकल घेऊन मैल मोजायला जायचे. खोटं नाही सांगत. पुढच्या चाकाच्या एका आरीला लाल चिंधी बांधलेली, चाकाचा घेर सुतानं मोजलेला, आणि चिंधी किती वेळा वर आली ते मोजत जायचं. कुठल्या वस्तीचं कुठलं घर पाच मैलांत बसतं, हे एका वहीत लिहिलेलं. ‘आत’ आणि ‘बाहेर’, असे दोनच शेरे. एका टर्नरचा मुलगा भोसरीच्या पलीकडे, दिघीच्या रस्त्याला राहायचा. तेवढ्यासाठी एका रविवारी मलाही बरोबर नेलं. मी मोजायचं आणि ते चालवणार. वाटेत म्हशींचा कळप आडवा आला आणि माझा आकडा चुकला. मी अंदाजानं पुढचा सांगितला, तर हे सायकलवरून उतरले. “अंदाज?” पुन्हा गेटापर्यंत मागे आणलं आणि पहिल्यापासून सुरू. भर उन्हात! शेवटी घर बाहेर निघालं, फार नाही, थोडंसंच. मी म्हटलं, “लिहा की आत. मुंबईहून कोण येतंय मोजायला?” तर म्हणाले, “मी आलो ना.” त्या टर्नरला त्यांनी अलीकडच्या बाजूला खोली घ्यायला लावली, कार्ड मिळवून दिलं, आणि त्या टर्नरनं कारखानाभर सांगितलं की या माणसानं माझ्या पोराचं घर मोडलं.

मला ते आवडत नसत हे मी आधीच सांगून टाकतो. आता त्यांच्याबद्दल लिहिताना माझा गळा दाटून यावा अशी तुमची अपेक्षा असेल, तर तसं काही व्हायचं नाही. माणूस तुसडा होता. कुणाला कधी गोड बोलला नाही. आणि त्या रंगाऱ्याच्या बाबतीत त्यांनी जे केलं ते मी आजही चांगलं म्हणणार नाही.

रंगखात्यातला एक म्हातारा होता. साहेबांनी तीनदा फॉर्म फाडला तरी त्यानं हट्टानं गावचा पत्ता घातला, रक्कम घेतली आणि गावी गेला. चार-पाच महिन्यांत परत आला. पाय सुजलेले, दम लागलेला. गावात भावानं ओसरीवर जागा दिली होती, तीही मग काढून घेतली. आता आकुर्डीला मुलीकडे. दवाखान्यानं कार्ड विचारलं, म्हणून आमच्याकडे आला होता. साहेबांनी त्याला बघितलं. हाताला धरून आत आणलं, आपल्या खुर्चीवर बसवलं, आणि बाहेर फॉर्मसाठी रांग होती तिला ओरडून म्हणाले, “या, सगळे आत या. बघा यांना. यांना मी तीनदा सांगितलं होतं. नीट बघून घ्या.” म्हातारा रडायला लागला. हे त्याच्या सुजलेल्या पायाकडे बोट दाखवून बोलतच राहिले.

त्या दिवशी कारखाना पेटला. आजारी माणसाची अशी जत्रा करायची? आणि गावाचं नाव काढलं म्हणून? अण्णा तर घरी येऊन जेवले नाहीत. “आरं, माणूस हाय का कोण हाय त्यो? आमी गाव सांगायचं न्हाई? चोर हाय व्हय आमी?” मग तक्रारअर्ज करायचं ठरलं. लिहिणार कोण? ज्याचं अक्षर मोत्यासारखं तो. मी बसलो आणि दोन पानं लिहिली. ‘कामगारांच्या जन्मगावांचा उपमर्द’ असे शब्द घातले, वाचून दाखवताना माझ्याच अंगावर काटा आला. पहिली सही अण्णांची. शेवटची माझी.

आठवड्यात त्यांना स्टोअरमध्ये पाठवलं, नट-बोल्ट मोजायला. ड्रॉवरची किल्ली माझ्या टेबलावर ठेवताना ते म्हणाले, “अक्षर चांगलं आहे तुझं. अर्जावरून ओळखलं.” राग नाही, लोभ नाही. कोट झटकला आणि गेले.

त्यांची खुर्ची मला मिळाली. आणि मी काय झालो म्हणता! लाडका झालो. येणाऱ्याला बसवायचो, चहा मागवायचो, गावच्या पावसापाण्याची चौकशी करायचो. बायकोला आणा, असं म्हणून कुणाची अब्रू काढली नाही. सातव्या रकान्यात गावाचं नाव असं वळणदार लिहायचो की माणसं फॉर्म हातात धरून बघत राहायची. एक जण तर म्हणाला, “राव, गाव असं देखणं कधी दिसलं नव्हतं.” नियम मला पाठ होता. साहेबांच्या शेजारी बसून हजारदा ऐकला होता. पण मनात म्हणायचो, एवढं काय, वर कार्डावर खूण केलीय ना, हेड ऑफिसात काय माणसं बसत नाहीत? असे किती फॉर्म माझ्या हातून गेले ते मी कधी मोजलं नाही. मोजणारही नाही.

अण्णांचा फॉर्म त्यातच गेला. त्या दिवशी ते नवा फेटा बांधून आले, माझ्या टेबलासमोर खुर्चीवर बसले, आणि आजूबाजूला बघून जरा मोठ्यानं म्हणाले, “ल्ही. मौजे पळसगाव, तालुका खटाव, जिल्हा उत्तर सातारा.” पोरगा आपल्या हातानं आपलं गाव सरकारी वळणात लिहितोय, याचा त्यांना कोण आनंद! मी लिहिलं. खाली त्यांनी सही केली. आईला आम्ही घरी जाऊन पेढे दिले. फॉर्मबद्दल तिला कुणी काही सांगितलं नाही, आणि तिनं विचारलं नाही.

पुढचं पावसाळ्यात कळलं. आईच्या पोटात दुखायचं. ते बरेच दिवस दुखत असावं, पण ती ओवा खाऊन कामाला लागायची. एक दिवस चुलीपुढून उठताच येईना. कारखान्याच्या डॉक्टरांनी हात लावून बघितलं आणि म्हणाले, गाठ आहे, पुण्याला नेऊन लगेच काढायला हवी, कार्ड आणा. मी म्हटलं, यादीत बघा. यादीत अण्णांचं नाव नव्हतं.

हेड ऑफिसनं पत्र पाठवलं होतं. ‘आपला कायमचा पत्ता हद्दीबाहेर असल्याने कार्ड देता येत नाही, हरकत असल्यास साठ दिवसांत कळवावे.’ पत्र कुठं पाठवलं? अर्थातच कायमच्या पत्त्यावर. पळसगावात माझ्या चुलत्यानं अंगठा देऊन ते घेतलं, इंग्रजी पत्र म्हणजे काहीतरी मोलाचं म्हणून देवाच्या फोटोमागे जपून ठेवलं, आणि जत्रेला भाऊ येईल तेव्हा देऊ म्हणून वाट बघत बसला. साठ दिवस केव्हाच होऊन गेले होते.

मी स्टोअरमध्ये गेलो. दुसरं कुणाकडे जाणार? ते स्टुलावर बसून वायसर मोजत होते. मी सगळं सांगितलं. त्यांनी मान वर केली नाही.

“सातव्यात काय लिहिलं होतंस?”

“पळसगाव.”

“तुला माहीत होतं.”

“हो.”

त्यांनी हातातले वायसर मोजून पुरे केले, पुडी बांधली, वर आकडा लिहिला. मला वाटलं, आता मला हाताला धरून कारखानाभर फिरवतील. फिरवायला हवं होतं. पण ते उठले, कोट घातला आणि म्हणाले, “अकरावा नियम काढ.” अकराव्या नियमात होतं की माणसानं जातीनं मॅनेजरसमोर येऊन, आपण हद्दीत राहतो आणि कायम इथंच राहणार असं सांगितलं, आणि मॅनेजरची खात्री पटली, तर मुदत गेल्यावरही कार्ड देता येईल. ही योजना चालू झाल्यापासून तो नियम कुणी वापरला नव्हता. साहेबांशिवाय तो कुणी वाचलाच नसावा.

तीन दिवस ते संध्याकाळी आमच्या खोलीवर येत होते. आई आत झोपलेली असायची. अण्णा, ज्यांनी यांच्याविरुद्ध पहिली सही केली होती, ते यांच्यासमोर उभे. “म्हणा. मी इथंच राहतो. मरेपर्यंत इथंच राहणार.” अण्णा म्हणायचे. “पुन्हा.” अण्णा पुन्हा म्हणायचे. “मॅनेजरांनी काहीही विचारलं तरी एवढंच. गावाचं नाव तोंडातून निघालं तर बाई गेल्या म्हणून समजा.” असं तोंडावर म्हणाले. आत आई ऐकत असेल याचीही त्यांना पर्वा नव्हती.

चौथ्या दिवशी आम्ही मॅनेजरांच्या केबिनमध्ये. मी आणि अण्णा. साहेबांना आत येऊ दिलं नाही, ते बाहेर व्हरांड्यात उभे होते. मॅनेजर भला माणूस होता. अर्ज वाचला, अण्णांना बसायला सांगितलं. “कायम कुठं राहणार तुम्ही?”

“मी हितंच ऱ्हातो साहेब. मरूस्तवर हितंच ऱ्हानार.”

मला वाटलं, जिंकलो. मॅनेजरांनी पेन उचललं. “ठीक आहे. मुंबईला कारण द्यावं लागेल, तर मी असं लिहितो, की यांनी गाव कायमचं सोडलं आहे. बरोबर ना?”

आमच्याकडे ‘गाव सोडलं’ असं कुणाबद्दल म्हणतात, ते तुम्हाला ठाऊक नसेल. ज्यानं तोंड काळं केलं, ज्याला पंचांनी हाकललं, ज्याचं नाव काढलं की बायका थुंकतात, त्यानं गाव सोडलेलं असतं. मी टेबलाखालून अण्णांचा पाय दाबला. मॅनेजर वाट बघत होते. “बोला, लिहू का?”

“गाव कसं सोडंन साहेब?” अण्णा उठून उभे राहिले. “मी काय परागंदा हाय व्हय? माझं गाव पळसगाव. बाप तितं गेला, आज्जा तितं गेला. म्या गाव सोडलं न्हाई. आसं ल्हिऊ नगा.”

मॅनेजरांनी पेन खाली ठेवलं. “तुमचे वडील फार प्रामाणिक आहेत,” असं काहीतरी ते मला म्हणाले, आणि मग मला काही करता येत नाही असंही म्हणाले. मी काय केलं? मी उभा राहिलो, नमस्कार केला आणि अण्णांच्या मागून बाहेर आलो. मी तिथं ओरडायला हवं होतं. अण्णांच्या तोंडावर हात ठेवायला हवा होता. आजही रात्री-अपरात्री नाही, चांगला जेवताना मला ते आठवतं आणि घास फिरतो.

व्हरांड्यात साहेबांनी आमची तोंडं बघूनच ओळखलं. मला म्हणाले, “आईला आणलं होतंस?”

“ती आजारी आहे.”

“म्हणूनच. खाटेवर घालून आणायचं होतं.” मग खिशातून हिरडा काढला आणि पुन्हा आत टाकला. “मी पण विसरलो,” म्हणाले. “आठ महिने नट-बोल्ट मोजतोय ना. विसरलो.” त्यांना मी तेवढं एकदाच कुणाची तरी नजर चुकवताना बघितलं.

घरी अण्णांनी आईला स्वतःच सांगितलं. जरा तोऱ्यातच सांगितलं, गावाची लाज राखली अशा थाटात. आई भिंतीकडे तोंड करून पडली होती. ती वळली. माझ्या आईनं अण्णांना आयुष्यात कधी उलट उत्तर दिलेलं मी ऐकलं नव्हतं.

“मला का न्हाई नेलं?” ती म्हणाली. “मी म्हनले आसते साहेबाफुडं, सोडलं गाव. हज्जारदा म्हनले आसते. माझं काय हाय त्या गावात? जाऊबाईचं जातं आन् सासूच्या शिव्या. हितं माझी पोरं हायती, हितं नळाला पानी हाय. कुनी मला इचारलंच न्हाई.”

अण्णा उंबऱ्यात बसले.

मग आम्ही तिला पुण्याला धर्मादाय दवाखान्यात घातलं. तिथं आमच्यासारखे कितीतरी रांगेत होते. खाट मिळेपर्यंत दोन महिने गेले, आणि मिळाली तेव्हा डॉक्टर म्हणाले, आता चाकू लावण्यात अर्थ नाही. त्यांचा काय दोष? आई चिंचवडच्या खोलीत गेली, पहाटे नळाला पाणी आलं तेव्हा. साहेब आले होते. तिरडीला खांदा दिला, आणि वाटेत कुणी बदलायला पुढे झालं तरी त्यांनी तो दिला नाही. पवनेच्या काठी सगळं आटपलं.

तिसऱ्या दिवशी मृत्यूची नोंद करायला मी, अण्णा आणि साहेब असे आम्ही तिघं ग्रामपंचायतीच्या कचेरीत गेलो. कारकून माझ्याच वयाचा होता, चांगला आदबशीर. आम्हाला बसायला दिलं. नाव विचारलं, वय विचारलं, मी सांगत गेलो. मग तो अण्णांकडे बघून अगदी मायेनं म्हणाला, “बाबा, तुमचं मूळ गाव कोणतं? तोच पत्ता घालतो, बरं दिसतं.”

अण्णा खुर्चीवरून उठले. टेबलाच्या कडेला दोन्ही हातांनी धरून उभे राहिले.

“न्हाई,” ते म्हणाले. “ती हितंच ऱ्हात हुती. मरूस्तवर हितंच ऱ्हायली. गाव सोडलं हुतं तिनं. आमी दोगांनी सोडलं. ल्ही.”

कारकुनानं तसंच लिहून घेतलं. त्या पत्त्याला कुणाची हरकत आली नाही.